जरबेराची रोपं घरीच टिश्यू कल्चरनं करावी म्हणतोय, जमंल का?

अर्धापूरचा_बागवान

राम राम मंडळी. दहा गुंठ्याचं पॉलीहाऊस हाय आपलं, जरबेरा, आता चौथं वर्ष लागलंय. पहिली दोन वर्षं फूल लई चांगलं निघालं, माल हैदराबादला गुडीमलकापूरच्या बाजाराला जायचा, रात्रीच्या गाडीला बॉक्स टाकले की सकाळी हजर. आता झाडं थकलीत, दांडी बारीक यायलीय, फुलाचं तोंड लहान झालंय, व्यापारी बॉक्स उघडूनच तोंड वाकडं करायलाय. सगळं उपटून नवीन लावायचं म्हणलं तर सहा हजार रोपं लागत्यात, अन् मला जो भाव सांगितलाय त्यानं ३५ रुपयाला एक, म्हणजे दोन लाख दहा हजार निस्ते रोपाचेच. बेड, माती, खत, मजुरी वेगळंच. त्यात ते प्लास्टिकच्या फुलांनी लग्नातला भाव खाल्लाय ते तुम्हाला ठाऊकच हाय, त्यावर बोलत बसलो तर रात्र जाईल.

तर मूळ गोष्ट अशी की आमचा भाचा लातूरला बायोटेकचं शिकून आलाय, नोकरी नाही सध्या. तो म्हणतोय मामा एका झाडापासून वर्षात लाखभर रोपं होतात, मागची खोली रिकामी हाय, कुकर हाय, एक एसी बसवू अन् लॅब टाकू, आपलं भागवून उरलेली रोपं गावात विकू. आमच्याकडं केळी म्हणलं की टिश्यू कल्चरच, जी-नाइनची रोपं पिशवीत येतात अन् आपण लावतो, पण ते बाटलीत कसं बनतंय ते मी जन्मात बघितलं नाही. माझं विचारणं एवढंच, की हे घरी होण्यासारखं हाय का, किती दिवस लागतात, अन् लाईट जाती त्याचं काय. दुसरं, नसंल जमत तर जुनेच गड्डे फोडून लावले तर काय बिघडलं? आमच्या बापानं शेवंती तशीच वाढवली की.


मांजराकाठ

दादा दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, गड्डे फोडायच्या भानगडीत पडू नका, मी पडलेलो हाय. दोन बेडचे जुने गड्डे काढले, सुरीनं फोडले, बाविस्टीन बुरशीनाशकात बुडवून लावले, पंधरा दिवस असे काही उभे राहिले की मी बायकोला म्हणलं बघ रोपाचे पैसे वाचले. मग एकेक झाड दुपारी मान टाकायला लागलं, संध्याकाळी पुन्हा उभं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पडलेलं. मधला कोंब धरून हलकं ओढलं की अलगद हातात यायचा, खालून काळा, कुजका वास. फायटोप्थोरा, गड्डा कुजवणारा रोग. जुन्या मुळासोबत जुना रोग नव्या बेडात नेऊन लावला होता मी स्वतःच्या हातानं. जी वाचली त्यांचंबी फूल एकसारखं नाही, अन् बॉक्समध्ये लहानमोठं फूल गेलं की भाव लहानाचाच लागतो.

शेवंतीची गोष्ट वेगळी. ती मुनवे फेकती, कटिंगनं येती, तिला कशाला बाटली पाहिजे. जरबेराच्या एका गड्ड्यापासून वर्षाला पाच-सहा रोपं फोडून मिळतील, तेवढ्यावर सहा हजार कधी व्हायची.

लॅबचं मला कळत नाही, जाणकार सांगतील.


बाटलीतली_बाग

दादा नमस्कार, मी सहा वर्षं पुण्याकडच्या एका लॅबमध्ये लॅमिनारवर (गाळलेली, जंतूविरहित हवा सोडणारं कामाचं टेबल) बसत होते, लग्नानंतर परभणीला आले. जरबेरावरच जास्त काम केलंय म्हणून जरा लांब लिहिते, कंटाळा आला तर सोडून द्या.

भाच्याचं "एका झाडापासून लाखभर" हे कागदावर खरं आहे. जरबेरात आम्ही बहुतेक वेळा कोवळी कळी घ्यायचो, पानांच्या बुडात दडलेली, बोटाच्या नखाएवढी, अजून रंगसुद्धा न दिसणारी. कोंबसुद्धा घेता येतो पण तो मातीला लागून असतो त्यामुळे घाण जास्त. कळी नळाखाली धुवायची, साबणासारखं ट्वीन-ट्वेंटी असतं त्यात हलवायची, बुरशीनाशक, मग लॅमिनारच्या आत ७० टक्के अल्कोहोलमध्ये काही सेकंद, मग हायपोक्लोराईट नाहीतर मर्क्युरिक क्लोराईड, मग तीन-चार वेळा निर्जंतुक पाणी. (मर्क्युरिक क्लोराईड म्हणजे पाऱ्याचं जहर आहे बरं का, भाच्याला सांगा की ते घरातल्या मोरीत ओतायची वस्तू नाही, जिथं लहान लेकरं आहेत तिथं तर नकोच.) मग कळीचे तुकडे करून मीडियावर, म्हणजे बाटलीत गोठवलेल्या अन्नावर, ठेवायचे. सहा ते आठ आठवडे काहीच होत नाही असं वाटतं, तुकडा फुगतो, हिरवट होतो, आणि एक दिवस कडेला बारीक पालवी दिसते. ज्या तुकड्याचं फूल व्हायचं होतं त्याला पानं फुटतात, मला अजूनही ते बघितलं की गंमत वाटते.

तिथून पुढं दर चार आठवड्यांनी पुंजका फोडून नव्या बाटलीत लावायचा. एकाचे तीन धरा. दहा पुंजके जिवंत निघाले तर सहा फेऱ्यांनंतर सात हजार दोनशे नव्वद. झालं तुमचं सहा हजाराचं काम! पण महिने मोजा ना. सुरुवातीचे दोन, फेऱ्यांचे सहा, मुळं धरायला एक, हार्डनिंगला, म्हणजे बाहेरच्या हवेची सवय लावायला, दीड-दोन, म्हणजे एकही बाटली वाया न जाता साडेदहा-अकरा महिने, आणि एकही बाटली वाया न जाता हे मी सहा वर्षांत एकदाही पाहिलेलं नाही.

आता खरं दुखणं, कंटॅमिनेशन. बाटलीत जे अन्न आपण रोपासाठी घालतो, लिटरला ३० ग्रॅम साखर, ते बुरशीला रोपापेक्षा जास्त आवडतं. बुरशी आली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कापसासारखं दिसतं, ते परवडलं, लगेच कळतं. बॅक्टेरिया लबाड असतो. रोपाच्या बुडाशी दुधाळ, चिकट असा पातळ थर, उजेडाकडे बाटली तिरपी धरल्याशिवाय दिसतच नाही. तो न बघता तुम्ही ती बाटली फोडली की तोच चिमटा पुढच्या बारा बाटल्यांना लागला. आमच्या सुपरवायझर मॅडम रोज सकाळी ट्यूबलाईटसमोर एकेक बाटली फिरवून बघायच्या, आम्ही त्याला बाटल्यांची ओपीडी म्हणायचो. आणि खराब बाटली कधीही उघडून धुवायची नाही, बंद तशीच ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र), मग धुणं.

लाईटचं विचारलंत ते सगळ्यात बरं केलं. ग्रोथ रूम, म्हणजे बाटल्या ठेवायची खोली, २५ डिग्रीच्या आसपास लागते, सोळा तास उजेड. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४३, आणि पाच तास लाईट गेली. रोपं लगेच मरत नाहीत. पण बाटलीतली हवा तापते, फुगते, झाकणाच्या फटीतून थोडी बाहेर जाते. लाईट आली, एसी लागला, हवा आकसली, आणि बाटलीनं बाहेरची हवा आत ओढून घेतली, धुळीसकट. आठवड्यानं बघा, रॅकच्या रॅक पांढरे. त्यामुळे एसी असून चालत नाही, तो थांबता कामा नये, म्हणजे जनरेटर आला, डिझेल आलं.

एक शेवटचं. तुमची मदर झाडं, म्हणजे ज्यांच्यापासून रोपं काढायची ती, चार वर्षांची, थकलेली. टिश्यू कल्चर केलं की झाड आपोआप रोगमुक्त होतं हा मोठा गैरसमज आहे. व्हायरस काढायचा तर कोंबाचं अगदी टोक, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान, सूक्ष्मदर्शकाखाली कापावं लागतं आणि नंतर टेस्ट करावी लागते. साधी कळी लावली तर आई जशी तशी लेकरं, फक्त सहा हजार.


लातूरचा_बीटी

मी त्या भाच्याच्याच बाजूनं बोलणार, कारण मीपण तेच शिकलोय आणि मलापण घरचे हेच म्हणतात 😅

ताईंचं सगळं बरोबर आहे पण ऐकून असं वाटतं की हे फक्त एसीतल्या लोकांचंच काम आहे. तसं नाही. आपला घरचा प्रेशर कुकर शिट्टीच्या वजनावर साधारण १५ पाउंड दाबाला चालतो, म्हणजे आत १२० डिग्रीच्या आसपास, ऑटोक्लेव्हला १२१ लागतं, १५-२० मिनिटं. फरक कितीसा? मीडियाची तयार पावडर मिळते, लिटरला साडेचार ग्रॅमच्या आत-बाहेर, साखर किराणा दुकानाची चालते, आम्ही कॉलेजात चालवलेली आहे. मीडिया गोठवायची अगर पावडर महाग पडते तर तिच्या जागी इसबगोल किंवा साबुदाणा वापरून लोकांनी प्रयोग केलेत आणि रोपं वाढलीत. फक्त पीएच ५.८ ला आणायला विसरायचं नाही, फार आंबट झालं की अगर गोठतच नाही, बाटलीत पातळ खीर होते आणि रोप बुडतं.

आणि हा मीडिया म्हणजे काय जादू नाही. एमएस म्हणतात तो मुराशिगे आणि स्कूग या दोघांनी १९६२ साली तंबाखूच्या टिश्यूवर काम करताना बसवला. त्याच्या आधी १९५७ ला स्कूग आणि मिलर यांनी, तेपण तंबाखूवरच, दाखवलं होतं की झाडाच्या वाढीच्या दोन हार्मोनपैकी ऑक्सिन जास्त तर मुळं, सायटोकायनिन जास्त तर पालवी, दोन्ही सारखी तर नुसता गोळा. सगळा खेळ या प्रमाणाचा आहे. म्हणून वाढवताना बीएपी किंवा कायनेटिन (ही सायटोकायनिन) घालतात आणि मुळं धरताना आयबीए किंवा एनएए (ही ऑक्सिन).

भाच्याला दहा-वीस बाटल्या करू द्या की, लगेच सहा हजाराचं का धरताय.


काळीमाती

साबुदाणा एकादशीला ठेवा राव 😂 आणि तंबाखूनं मराठवाड्याचं एवढं एक तरी भलं केलं म्हणायचं.

मी केलंय हे येडेपण, म्हणून लिहितो. आम्ही धाराशिवकडचे. मला ऑर्किडचा नाद. माशाच्या काचेच्या टाकीला पुढून पत्रा लावला, दोन भोकं पाडून त्यात ग्लोव्हज चिकटवले, आत स्पिरिटचा दिवा. जॅमच्या चाळीस बाटल्या भंगारातून आणून सोड्यानं धुतल्या. मीडिया शिजवला, घरात दोन दिवस करपलेल्या साखरेचा वास, बायको म्हणती पाक करायला लागला का काय. सगळं नीट लावलं, कपाटात ठेवलं, अन् रोज सकाळी चहाआधी कपाट उघडून बघायचो. चौथ्या दिवशी तीन बाटल्यांत कापूस. सहाव्या दिवशी एकोणीस. दहाव्या दिवशी दोन बाटल्या राहिल्या अन् त्यातल्या एकीतला तुकडा काळा पडून मेलेला, म्हणजे स्वच्छ पण मेलेला. ते काळं पडणं म्हणजे झाड कापल्या जागेतून फिनॉल सोडतं म्हणे, त्याला कोळशाची पावडर घालतात, हे मला नंतर कळलं.

शेवटी एक बाटली. त्यातलं रोप पाच महिने जगलं. बाहेर काढलं त्या दिवशी दुपारी मेलं.

एक महत्त्वाचं, बंद पेटीत स्पिरिटचा फवारा मारून लगेच दिवा पेटवू नये. माझ्या हाताचे केस गेले, एवढ्यावर भागलं. लातूरच्या भावानं हे सांगितलं नाही म्हणून सांगतोय, कारण पोरं हुरूपात असतात.


बाटलीतली_बाग

काका, तुमची ही ओळच या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची आहे, "बाहेर काढलं त्या दिवशी दुपारी मेलं". चाळीस बाटल्यांबद्दल वाईट वाटलं, पण नवीन माणसाचं नुकसान तिथंच थांबत नाही, बाहेर काढतानाही मोठं होतं.

बाटलीतलं रोप म्हणजे हॉस्टेलच्या मेसवर वाढलेलं पोर. आत हवा दमट, अन्न म्हणून आयती साखर, वारा नाही, ऊन नाही. त्यामुळे पानावर मेणाचा थर नीट धरलेला नसतो आणि पानाची छिद्रं उघडीच राहतात, ती मिटायला शिकलेलीच नसतात. असं पान आपल्या मार्चच्या हवेत ठेवा, अर्ध्या तासात मऊ पडतं, आणि पाणी घातलं तरी उठत नाही, कारण मुळंसुद्धा अजून मातीतलं पाणी ओढायला तयार नसतात. मग आपण अजून पाणी घालतो आणि ते कुजतं.

म्हणून काय करायचं, चिमट्यानं न ओढता बाटलीत थोडं पाणी घालून गोल हलवायचं, रोप सैल होतं. मग पसरट भांड्यात कोमट पाण्यात बोटांनी मुळांवरचं अगर सोडवायचं, अगदी सगळं, कारण त्यात साखर आहे आणि राहिलं की तिथंच बुरशी धरते. बुरशीनाशकात पाच मिनिटं. ओलसर कोकोपीट, दाबलं तर हाताला ओल लागावी पण थेंब पडू नये. ट्रेवर प्लास्टिकचा बोगदा. आत ८०-९० टक्के दमटपणा, पहिले दहा-बारा दिवस. मग रोज संध्याकाळी थोडा वेळ टोकं उघडी, मग जास्त, मग रात्रभर, मग काढूनच टाकायचं. तिसऱ्या आठवड्यात नवीन पान येतं ते हाताला जाड लागतं, खरखरीत. तेच खरं पान. बाटलीतली जुनी पानं मग वाळली तरी हरकत नाही.

आणि मला वाटतं दादा, तुमच्या भाच्याला खरं काम इथं आहे. लॅबकडून बाटलीबाहेरची, धुतलेली, हार्डनिंग न केलेली रोपं घेतली तर तयार रोपापेक्षा बरीच स्वस्त पडतात. त्यांची राखण करायला शिकलेला माणूस लागतो, जो तुमच्या घरात बसून आहे. कुकर नको, एसी नको. शेडनेट, फॉगर आणि लक्ष.


मांजराकाठ

ताईंनी लाख बोललं. आमच्याकडं एक जण केळीत हेच करतोय, लॅब दुसऱ्याची, हार्डनिंग त्याचं, अन् लॅबवाल्यापेक्षा निवांत झोपतोय.


अर्धापूरचा_बागवान

सगळ्यांचे उपकार. भाच्याला बसवून सगळं वाचून दाखवलं. काकांची चाळीस बाटल्यांची गोष्ट आली तवा हसला, जनरेटरचं आलं तवा गप झाला. दोन दिवस फुगून बसला होता, आता म्हणतोय पाचशे आणून बघू. बायको म्हणली बरं झालं, नाहीतर माझा कुकर गेला होता.

आता हे सांगा, रोपं घेताना बघायचं काय? केळीत आपण निस्ती उंची अन् पानं मोजतो. अन् काळी माती हाय आमची, मागल्या वेळी ज्यानं पॉलीहाऊस उभं करून दिलं त्यानंच माती टाकली होती, मला त्यातलं काय ठाऊक नाही.


बाटलीतली_बाग

रोप उलटं करून आधी मूळ बघा, पांढरं आणि खाली फाटे फुटलेलं पाहिजे, तपकिरी नको. पानं काचेसारखी पारदर्शक, जाडसर, ठिसूळ दिसली तर घेऊ नका, ती पाणी भरलेली असतात, बाहेर टिकत नाहीत. आणि एक गोष्ट जरबेरात जास्त दिसते, एकाच रोपाला खूप बारीक बारीक पानांचा झुपका. नवख्याला वाटतं किती भरलेलं रोप दिलं! ते बीएपीचा मारा जास्त झाल्याचं, नाहीतर एकाच कल्चरच्या फार फेऱ्या काढल्याचं लक्षण असतं. असलं झाड पॉलीहाऊसमध्ये नुसती पानं काढत बसतं, फूल कमी. म्हणून लॅबला सरळ विचारा की ही कितवी फेरी आहे. चांगली लॅब फेऱ्या मोजून ठराविक आकड्याला थांबते आणि मदरपासून पुन्हा सुरू करते. जी लॅब या प्रश्नावर हसते तिथून निघा.

केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची टिश्यू कल्चर रोपांसाठी प्रमाणन पद्धत आहे, एनसीएस-टीसीपी, २००६ पासून. लॅब त्यात मान्यताप्राप्त आहे का ते विचारा. आणि जरबेराच्या बऱ्याच नव्या जाती बाहेरच्या ब्रीडरच्या असतात, हॉलंडकडच्या वगैरे, त्यांची रॉयल्टी रोपाच्या किमतीत धरलेली असते. म्हणजे भाच्यानं उद्या लॅब काढलीच असती आणि तुमच्याच पॉलीहाऊसमधली जात वाढवून गावात विकली असती तर तो वेगळाच वांधा झाला असता, तो मुद्दा मी पहिल्यांदा लिहायला विसरले.


मांजराकाठ

मातीचं मी सांगतो. काळ्या मातीत जरबेरा लावू नका, ती पाणी धरून बसती अन् गड्डा कुजतो. लाल माती, शेणखत, भाताचं तूस, अन् बेड दीड फूट उंच. तूस आपल्याकडं कुठलं, मी देगलूरकडून मागवलं होतं. मातीचा पीएच साडेपाच ते साडेसहा पाहिजे अन् आपल्या बोअरचं पाणी बघाल तर आठाच्या घरात, त्यानं नवीन पान पिवळं पडतं अन् शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, लोक युरिया मारत बसतात. लोह मिळत नसतं त्याला. पाणी टाकीत घेऊन ॲसिड टाकून पीएच खाली आणा, मीटर विकत घ्या, पट्टीवर भरवसा नको. जुनी माती ठेवणार असाल तर आधी निर्जंतुक करा, नाहीतर माझ्या गड्ड्याचीच कथा.

अन् लावताना कोंब मातीच्या वर एक-दीड सेंटिमीटर दिसला पाहिजे. मजूर बाया मिरचीचं रोप लावल्यागत गळ्यापर्यंत गाडतात, स्वतः उभं राहून लावून घ्या. पहिले दोन महिने कळ्या खुडायच्या, जीव तुटतो पण खुडायच्या. तिसऱ्या महिन्यात फूल धरा. एप्रिल-मेमध्ये लागवड करू नका, एवढंच.


काळीमाती

एक शंका, लाजून विचारतो. निशिगंध, मोगरा, गुलाब यांचंबी असंच बाटलीत करतात का? आमच्या गावात एक जण टिश्यू कल्चरचा झेंडू म्हणून रोपं विकायलाय.


लातूरचा_बीटी

झेंडू बियांपासून येतो काका, कोण एवढा खर्च करणार, तो ट्रेमधल्या रोपाला टिश्यू कल्चर म्हणत असणार, ट्रे दिसला की तो शब्द चिकटवायची पद्धत झालीय. निशिगंध कंदानं, मोगरा कलमानं, गुलाब डोळा भरून. करता सगळ्यांचं येतं, पण परवडायला पाहिजे ना. जिथं साध्या पद्धतीनं रोपं हळू वाढतात किंवा बी लावलं तर आईसारखं फूल येत नाही, तिथं बाटली कामाची. जरबेरा, अँथुरियम, ऑर्किड. ऑर्किडचं तर १९६० ला मोरेल नावाच्या फ्रेंच माणसानं सिंबिडियमच्या कोंबाच्या टोकापासून करून दाखवलं, तिथूनच शोभेच्या झाडांत हा धंदा फोफावला. कार्नेशनमध्ये मदर झाडं तेवढी लॅबमधून निरोगी करून आणतात, पुढं कटिंगच.

तुमचं ते एक ऑर्किड जगलं असतं तर आज तुम्ही आम्हाला शिकवत असता 🙏


अर्धापूरचा_बागवान

दीड महिन्यानं पुन्हा आलोय, म्हणलं सांगावं. पाचशे धुतलेली रोपं आणली, थर्माकोलच्या पेटीत ओल्या कागदात गुंडाळून. भाच्यानं शेडनेटखाली बोगदा केला, घरातला जुना कूलर फोडून त्याचा पंप फॉगरला जोडला, डोकं हाय पोराला. पहिल्या आठवड्यात एक्केचाळीस गेली, त्यातली तीस तर मी स्वतः घालवली, तो गावाला गेला होता अन् मी प्रेमानं झारीनं पाणी घातलं. परत आल्यावर दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. नंतर अजून एकवीस गेली. बाकीची उभी हायत, नवीन पान ताई म्हणल्या तसं खरखरीत लागतंय, मी रोज जाऊन अंगठ्यानं चोळून बघतो अन् तो म्हणतो मामा हात लावू नका.

आता अडचण एकच. दाराकडच्या ट्रेमधल्या रोपांच्या पानांच्या कडा करपायल्यात, आतली सगळी ठीक. पाणी एकच, औषध एकच. भाचा म्हणतो बुरशी, मला तसं वाटत नाही, डाग नाहीत, निस्ती कड वाळल्यागत.


बाटलीतली_बाग

पाचशेत बासष्ट म्हणजे पहिल्या खेपेला फार छान, खरंच. करपलेली कड एकाच बाजूला आहे का, दाराच्या बाजूची? असेल तर बुरशी नाही, वारा लागतोय. दार उघडलं की सुकी हवा थेट तिथं येते. दाराला आतून ओलं गोणपाट लावा आणि ते ट्रे आठ दिवस मधोमध न्या. औषध मारू नका उगाच.


अर्धापूरचा_बागवान

एकाच बाजूला हाय. आत्ताच बॅटरी घेऊन जाऊन बघून आलो. गोणपाट लावतो.